जर्मनीसारखी सरकारी लँड कंपनी आपल्याकडे आहे का, आणि जतची वर्ग २ जमीन नोटरीवर घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाव खानापूर तालुक्यात, नोकरी पुण्यात, घरची अडीच एकर जमीन वडील आणि तीन चुलत्यांच्या नावावर सामाईक. गावी येऊन शेती करायची आहे पण एवढ्या रानात भागत नाही. एका व्हिडिओत तुम्ही बघितलं की जर्मनीत सरकारी लँड कंपनी जमीन घेऊन ठेवते आणि गरजू शेतकऱ्याला देते. तर सातारा-सांगलीत असं काही आहे का, अर्ज कुठं करायचा, आणि नसेल तर जत तालुक्यात एक एजंट चार एकर वर्ग २ ची (सरकारी अटीवर दिलेली) जमीन निम्म्या भावात नोटरी करून देतोय ती घ्यावी का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा देतो कारण त्यात तुमचे पैसे अडकायचे आहेत. नाही, घेऊ नका. इसार म्हणून अकरा हजारसुद्धा देऊ नका. कारण खाली सविस्तर लिहितो.

मी सांगलीत महसुली दाव्यांची वकिली करतो, प्रांत आणि तहसीलदारांसमोरची कामं जास्त, वाटपं, फेरफार हरकती, शर्तभंग, रस्त्याची भांडणं. त्यामुळं जे लिहितोय ते त्याच अनुभवातनं. तुमचे कागद मी बघितलेले नाहीत, त्यामुळं काही गोष्टी "सातबारा काय म्हणतो" यावरच ठरतील, तिथं तसं सांगतो.

आता जर्मनीचं. व्हिडिओत सांगतात त्यातलं अर्धं खरं आहे पण जे अर्धं सुटतं तेच महत्त्वाचं. तिथं लँडगेझेलशाफ्ट नावाच्या कंपन्या आहेत, राज्यनिहाय. भागीदारीत राज्य सरकार, जिल्हे, बँका, शेतकऱ्यांच्या संस्था असे लोक असतात आणि नफा वाटणं हा त्यांचा उद्देश नसतो. पण त्या जमीन फुकट देत नाहीत, स्वस्तातही देत नाहीत, जवळपास बाजारभावानंच विकतात. मग त्यांचा उपयोग काय? उपयोग कायद्यात आहे. १९१९ चा एक वसाहत कायदा आहे आणि १९६१ चा शेतजमीन व्यवहार कायदा, या दोन्हींमुळं तिथं एका मर्यादेवरची शेतजमीन विकायची तर त्या कराराला आधी सरकारी मंजुरी लागते. समजा घेणारा शेतकरी नाही, आणि शेजारच्या एखाद्या शेतकऱ्याला ती जमीन खरोखर पाहिजे आणि त्याची ऐपतही आहे, तर जमीन साधारण २ हेक्टर किंवा जास्त असेल तेव्हा ही कंपनी मधे येते, ठरलेल्या त्याच किमतीत स्वतः खरेदीदाराच्या जागी उभी राहते आणि ती जमीन त्या शेतकऱ्याला पोचवते. विकणाऱ्याचा एक पैसा बुडत नाही, फक्त घेणारा बदलतो.

शिवाय या कंपन्या जमिनीचा साठा करून ठेवतात. रस्ता, पूरनियंत्रण, वस्तीविस्तार असं काही व्हायचं असलं की आधीपासून इकडं तिकडं तुकडे घेत राहतात आणि ज्याची जमीन जाणार त्याला पैशाऐवजी जमीन देता येते. गट एकत्र करणं, गावाच्या विकासाचे आराखडे, गोठा-शेडचं नियोजन हीही कामं करतात.

फ्रान्समध्ये हेच काम साफेर नावाच्या संस्था करतात, १९६० च्या कायद्यानं आलेल्या. तिथली पद्धत मला जास्त आवडते कारण साखळी स्वच्छ आहे. शेतजमिनीचा सौदा ठरला की दस्त करणाऱ्या नोटरीनं (तिथला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा नव्हे, दस्ताची सगळी जबाबदारी असणारा अधिकारी) साफेरला कळवावंच लागतं, साफेरकडं २ महिने असतात. त्यात त्यांनी हक्क वापरला तर जमीन ते घेतात, भाव अवाच्या सवा वाटला तर कमी भाव सुचवतात, मग विकणाऱ्यानं एक तर तो मान्य करायचा, नाही तर विक्री मागं घ्यायची, नाही तर कोर्टात जायचं. घेतलेली जमीन धरून बसता येत नाही, साधारण ५ वर्षांच्या आत परत द्यावी लागते, आणि कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत शेतकरी संघटना आणि गावांचे प्रतिनिधी बसतात. पळवाटा तिथंही निघाल्या. लोक जमीन विकायच्या ऐवजी जमीन ज्या कंपनीच्या नावावर आहे तिचे शेअरच विकायला लागले, म्हणजे कागदावर जमीन हललीच नाही. जर्मनीच्या पूर्व भागात हा प्रकार फार झाला. फ्रान्सनं २०२१ मध्ये शेअर व्यवहारांवर लक्ष ठेवायचा वेगळा कायदा केला.

हे एवढं लांबण लावलं कारण यातनं एक गोष्ट नीट दिसते. या कंपन्यांची ताकद पैशात नाही. ताकद तीन गोष्टी एका हातात असण्यात आहे. सौदा होण्याआधी कळण्याचा हक्क, लगेच पैसे मोजून जमीन धरून ठेवायची ऐपत, आणि ती जमीन ठरावीक मुदतीत कसणाऱ्याला देऊन टाकायचं बंधन. यातली एक जरी काढली तर उरलेल्या दोनचा फार उपयोग होत नाही. आणि आपल्याकडची खरी अडचण हीच आहे की जमीन, पैसा आणि हक्क हे तिन्ही आहेत, पण तीन वेगवेगळ्या ठिकाणी.

जमीन कुणाकडं आहे बघा. महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ, १९६३ चं. सिलिंग कायद्यात (एकाकडं जास्तीत जास्त किती जमीन असावी हे ठरवणारा कायदा) खासगी साखर कारखान्यांच्या ज्या जमिनी अतिरिक्त ठरल्या त्या या महामंडळाकडं गेल्या, म्हणजे उसाचे सलग मळे तुटू नयेत हा विचार होता. आपल्या साताऱ्यात फलटण तालुक्यात साखरवाडीचा मळा त्यातलाच. यातली बरीच जमीन मुळात कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडानं घेतलेली होती, म्हणून ते खंडकरी शेतकरी पिढ्यान् पिढ्या भांडले आणि २०१२ पासून त्यांना जमिनी परत मिळायला लागल्या. उरलेली जमीन महामंडळ टेंडर काढून संयुक्त शेतीवर देतं. तुमच्यासारख्या एकट्या माणसाला दोन-चार एकर मालकीनं मिळेल असा तिथं मार्ग नाही. कुणी "महामंडळाची जमीन नावावर करून देतो, वर ओळख आहे" म्हणून पैसे मागितले तर तिथंच उठून या, असे लोक फिरतात.

पैसा कुठं आहे? तर कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत. सरकार खासगी जमीन बाजारातनं विकत घेऊन कसणाऱ्याला मालक करतं अशी मला माहीत असलेली आपल्या राज्यातली हीच एक ठळक योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत. २००४-०५ ला सुरू झाली तेव्हा अर्धं अनुदान अर्धं कर्ज होतं, २०१८ पासून पूर्ण अनुदान आहे. तुमच्या घरी जमीन आहे म्हणजे तुम्ही यात बसत नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी बसत असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन चौकशी जरूर करा. अडचण अशी की २०१८ च्या निर्णयात जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख ही कमाल किंमत घातली. आता तासगाव, पलूस, वाळवा, कराड या पट्ट्यात ८ लाखाला पाण्याखालची एकरभर जमीन कोण देतोय? जो देतो त्याच्या जमिनीला रस्ता नसतो किंवा पोटखराबाच (न पिकणारा भाग) जास्त असतो. म्हणजे खात्याकडं पैसे असतात, लाभार्थी दारात उभा असतो, आणि विकणाराच मिळत नाही. कारण खात्याला सौदा आधी कळायचा हक्कच नाही. गावात चांगली जमीन निघाली की ती बातमी आधी पावण्यारावळ्यांत फिरते, मग एजंटकडं, आणि खात्यापर्यंत येते ती कुणालाच नको असलेली.

आणि हक्क कुठं आहे? तो तुकड्यातुकड्यात आहे, आणि तुमच्या कामाचा भाग इथनं सुरू होतो.

एक हक्क तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यात आहे. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा (सरकारनं ठरवलेलं किमान क्षेत्र) लहान तुकडा असेल तर तो कुणालाही विकता येत नाही, लगतच्या खातेदारालाच देता येतो. २०२३ मध्ये शेतीसाठी ही मर्यादा आपल्या भागात जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झाली. तुमच्या रानाच्या बांधाला लागून कुणाचा असा सात-आठ गुंठ्याचा बागायत तुकडा पडून असेल तर कायद्यानं त्याला गिऱ्हाईक तुम्ही किंवा दुसऱ्या बाजूचा शेजारी, एवढेच. असले तुकडे लोक हिणवतात पण बांध मोडून रान सलग झालं, ट्रॅक्टर वळायला जागा झाली, की त्याची किंमत घेणाऱ्याला कळते.

दुसरा हक्क जास्त मोठा आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. हिंदू वारसा कायद्याचं कलम २२. एखाद्याच्या मागं मृत्युपत्र नसताना जमीन दोन किंवा जास्त वर्ग एकच्या वारसांना (मुलं, मुली, बायको, आई असे जवळचे वारस) मिळाली, आणि त्यातला एक जण आपला हिस्सा विकायला निघाला, तर बाकीच्या वारसांना तो हिस्सा आधी घ्यायचा हक्क आहे. भाव जमला नाही तर कोर्ट किंमत ठरवून देतं. हे शेतजमिनीला लागू होतं का यावर बरीच वर्षं वाद होता, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये बाबू राम विरुद्ध संतोख सिंग या निकालात लागू होतं असं स्पष्ट केलं. तुमच्या केसमध्ये आजोबांच्या मागं वडील आणि चुलत्यांची नावं वारसानं लागली असतील (आत्या असतील तर त्याही धरा, त्यांना विसरू नका, तलाठ्यानं त्या वेळी नावं लावली असोत नसोत) तर चुलत्यांपैकी कुणी हिस्सा बाहेर विकायला काढला तर वडिलांचा हात वर आहे. अट एवढीच की आधीच रीतसर वाटप होऊन खाती वेगळी झालेली नसावीत, ते झालं असेल तर हा मुद्दा कमजोर होतो. फेरफार बघून ठरेल.

आता हा हक्क असूनही वापरला का जात नाही ते सांगतो. माझ्याकडं तासगाव बाजूचे एक शेतकरी आले होते, बागाईतदार, चांगले कर्ते. चुलतभावानं आपला तीन एकरांचा हिस्सा विकला. कुणाला, तर बाहेरगावच्या माणसाला. गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात असलेले लोक, आपल्या विटा-खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर गेलीत, त्यांचा गावाकडं जमिनीत जीव असतो, सातबारा असल्यामुळं घ्यायला कायद्यानं अडचण नाही आणि पैसे रोख. त्यात त्यांची काहीच चूक नाही. पण या शेतकऱ्यांना कळलं कधी? फेरफाराची नोटीस आली तेव्हा. खरेदीखत होऊन गेलेलं. आले ते म्हणाले, "साहेब, मला नुसतं विचारलं असतं तरी त्याच भावात घेतली असती, बँकेचं बघितलं असतं." आणि खरं होतं ते, त्यांची ऐपत होती. हरकत घेतली, पण फेरफाराच्या कामात मालकीचा असा वाद सुटत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो आणि तोवर घेणाऱ्यानं बोअर मारलेलं असतं. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये याच सौद्याची खबर खरेदीखताच्या आधी एका ऑफिसात गेली असती, आणि तिथनं या शेतकऱ्याला फोन आला असता. आमच्याकडं जमीन, पैसा, शेतकरी, कायदा सगळं होतं, फक्त तो फोन करणारं कुणी नव्हतं. मला विचाराल तर आपल्याला लँड कंपनी पाहिजे ती याच एका कामासाठी, जमीन खरेदी करत सुटायला नव्हे. दुय्यम निबंधकाकडं दस्ताचा मजकूर येतो तेव्हा लगतच्या खातेदारांना आणि सहहिस्सेदारांना महिनाभर आधी मेसेज गेला तरी निम्मं काम होईल. आणि दुसरं निम्मं म्हणजे त्या माणसाला पैसे जमवायला वेळ मिळावा म्हणून तेवढे दिवस जमीन धरून ठेवणारी कुणीतरी संस्था, जिल्हा बँक म्हणा, महामंडळ म्हणा.

कोयनेचं उदाहरण यात सगळ्यात बोचतं. धरण होऊन इतकी वर्षं झाली तरी तिथले धरणग्रस्त पर्यायी जमिनीसाठी अजून मोर्चे काढतात. आधी जमीन गोळा करून मग माणसं हलवायची ही साधी गोष्ट तिथं झाली नाही. हायवे, कालवे, सगळीकडं तेच, पैसे हातात देतात, आणि सगळे पैसेवाले एकाच वेळी शेजारच्या गावात जमीन शोधायला लागतात, की भाव भडकला. साठा करून ठेवणारी संस्था असली की हे टळतं.

आता जतच्या जमिनीकडं येऊ.

वर्ग २ म्हणजे सरकारच्या अटीवर धारण केलेली जमीन. सातबाऱ्यावर वर "भू-धारणा पद्धती" असतं तिथं भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असतं, पण ती वर्ग २ का झाली हे तिथं कळत नाही. ते उजव्या बाजूच्या "इतर अधिकार" मध्ये बघायचं. आणि सगळ्या वर्ग २ एकसारख्या नसतात, हे लक्षात घ्या, एजंट इथंच फसवतात, कारण एका प्रकारचं सोपं उदाहरण सांगून दुसऱ्या प्रकारची जमीन गळ्यात मारतात. तिथं "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" असं असेल तर ती सगळ्यात सोपी. कुळानं घेतलेली जमीन, ३२म चं (कुळानं जमीन विकत घेतल्याचं) प्रमाणपत्र होऊन १० वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरून विकता येते, आकारच काही रुपयांत असतो त्यामुळं रक्कम किरकोळ. अशी असेल तर मालकानं आधी ते करून घ्यावं, मग उघड खरेदीखत करावं, नोटरीची गरजच नाही. मग एजंट नोटरी का म्हणतोय? म्हणजे बहुतेक तसली नाही. सिलिंगमध्ये वाटप झालेली असेल तर कलम २९ खाली कलेक्टरची परवानगी लागते. धरणग्रस्ताला पुनर्वसनात मिळालेली असेल तर वेगळे नियम. वतनाची असेल तर वेगळे. भूदानाची असेल तर विचारच सोडा. आणि देवस्थान इनाम, वर्ग ३, कुणी कितीही दाखले दाखवले तरी हात लावायचा नाही.

परवानगीशिवाय अशी जमीन दिली की त्याला शर्तभंग म्हणतात आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. नोटरीच्या कागदानं तुम्हाला मालकी मिळत नाही. विकत घेताना रजिस्टर्ड खरेदीखत सोडून दुसरा कुठलाही कागद शेतजमिनीची मालकी देत नाही, साठेखतसुद्धा फक्त "पुढं विकीन" एवढं वचन असतं. म्हणजे तुम्ही पैसे देणार, ताबा घेणार, बोअर मारणार, डाळिंब लावणार, आणि पाच वर्षांनी म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी त्या शिवारात खेळायला लागलं आणि भाव वाढला की मालकाची पोरं येणार आणि म्हणणार आमच्या बापानं सही केलीच नाही. तेव्हा तुम्ही तक्रार कुठं करणार? तहसीलदारांकडं गेलात तर पहिली नोटीस शर्तभंगाची निघते. हे मी सिनेमातलं सांगत नाहीये, अशी प्रकरणं प्रांत ऑफिसात कायम चालू असतात, आणि दोन्ही बाजूला गरीबच माणसं असतात.

मग करायचं काय. माझ्या मते पहिलं काम घरातलं. तुमचं स्वतःचं नाव कुठल्याही सातबाऱ्यावर नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळं उद्या खरी चांगली जमीन निघाली तरी दस्ताच्या वेळी "शेतकरी आहात का" या प्रश्नावर अडू शकता. त्यामुळं सगळ्यांच्या संमतीनं महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या, आणि वडिलांच्या हिश्श्यात तुमचं नाव लावून घ्या. पण थांबा, वर म्हटलं तसं वाटप झालं की कलम २२ चा जोर कमी होतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चुलत्यांशी बोलून घ्या की त्यातला कुणी विकणार आहे का. तिघातले दोघे बाहेरगावी असतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे कधी ना कधी त्यांच्या पोरांना विकावंसं वाटणारच. त्यांना आत्ताच, जेवायला बसल्यावर नव्हे, लेखी पत्र देऊन सांगा की हिस्सा विकायचा झाला तर आधी आम्हाला विचारा, बाजारभावानं घेऊ. वडिलांच्या सहीनं, रजिस्टर्ड पोस्टानं. नातं बिघडतं असं वाटत असेल तर पत्र देण्याआधी फोन करून समजावून सांगा. वडिलांचा हक्क पत्रानं तयार होत नाही, तो असतोच, पण उद्या कोर्टात "आम्हाला ठाऊकच नव्हतं" असं कुणाला म्हणता येत नाही.

एखादा चुलता आत्ताच द्यायला तयार असेल तर तो हिस्सा घ्या, जतच्या चार एकरापेक्षा घरचे पंचवीस गुंठे परवडले. विहीर एक, वाट एक, भावकी ओळखीची.

दुसरं, कसायला जमीन घ्या. इथं अडचण अशी आहे की मालक लिहून द्यायला घाबरतात. त्याला कारण आहे, कुळकायद्याच्या ३२ ओ मध्ये नंतर झालेल्या कुळालाही जमीन विकत घ्यायचा हक्क सांगता येतो, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची (त्या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली) आठवण आपल्या भागातल्या जुन्या घरांतनं अजून गेलेली नाही. म्हणून सगळं तोंडी, वाट्यानं किंवा खंडानं. तोंडी असल्यामुळं पीककर्ज, पीकविमा, ई-पीक पाहणी, ड्रिपचं अनुदान, नुकसानभरपाई सगळं मालकाच्या नावावर. नीती आयोगानं २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांना दिला होता, मालकाची मालकी सुरक्षित आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा, असा. जपाननं २०१४ मध्ये प्रत्येक प्रांतात एक अशी संस्थाच काढली, म्हाताऱ्या मालकांची जमीन संस्था भाड्यानं घेते, बांध जुळवते आणि कसणाऱ्याला लांब मुदतीनं देते, मालकाचा करार सरकारी संस्थेशी असल्यामुळं त्याला कुळाची भीती नाही. आपल्याकडं मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांच्या पडीक जमिनी बघितल्या की मला तरी लँड कंपनीपेक्षा हे जास्त जवळचं वाटतं. आत्ता असा निर्धास्त करार होतो तो सौरकृषी वाहिनी योजनेत, सोलरसाठी हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, म्हणून माळरानाचे मालक तिकडं वळतात. शेती करणाऱ्याला तसला करार नाही.

तोंडी जमिनीवर काय लावायचं याचं माझं मत पक्कं आहे. द्राक्षबाग लावू नका, मांडवाला, तारेला, अँगलला एवढा पैसा लागतो आणि बाग दहा-पंधरा वर्षांची, मालकाचं मन तीन वर्षांत फिरू शकतं. डाळिंबाचंही तेच. हळद, आलं, भाजीपाला, एका हंगामात पैसे मोकळे होणारं काहीतरी घ्या, ड्रिप असं टाका की गुंडाळून नेता येईल. एका हंगामाची साधी लिखापढी मालकाच्या समाधानापुरती करा, त्यात भाव आणि मुदत, एवढंच.

तिसरं, खरेदीला जाल तेव्हा पाण्याचा कागद जमिनीच्या कागदाइतकाच नीट बघा. एका माणसानं अडीच एकर घेतली, खरेदीखतात लिहिलं "विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह". नंतर बघितलं तर विहीर शेजारच्या गटात, सातबाऱ्यावर सामाईक, यांच्या वाट्याला दोन आणे हिस्सा, म्हणजे सोळा दिवसांच्या फेऱ्यात दोन दिवसांची पाळी. लाईटचं कनेक्शन विकणाऱ्याच्या मयत भावाच्या नावावर. पाईपलाईन तिसऱ्याच्या रानातनं, तिची कुठंच नोंद नाही. रान चांगलं होतं हो, पण दोन दिवसांच्या पाळीत अडीच एकर ऊस भिजत नाही. त्यामुळं विहीर कुठल्या गटात, किती आणे, पाळी कधी, मोटर कुणाच्या नावावर, पाईप कुठनं येते हे शेजाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नव्हे. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या लाभक्षेत्रात आहे म्हणून भाव लावत असतील तर पाटबंधारेच्या उपविभागात जाऊन तो गट खरंच यादीत आहे का आणि पोटपाट झालाय का ते बघा. आणि उलट बाजूही बघा, लाभक्षेत्रातल्या जमिनींवर "पुनर्वसनासाठी राखीव" असा शेरा असू शकतो, मग परवानगीशिवाय व्यवहार होत नाही.

वाटेचंही तेच. नकाशावर रस्ता नसेल तर बांधावरनं जायला तहसीलदारांकडं कलम १४३ खाली अर्ज करता येतो, मिळतो, पण शेजाऱ्याशी वैर घेऊन शेतीची सुरुवात होते. त्यापेक्षा वाट असलेलीच जमीन बघा.

अजून एक, तुमच्या गावात अदलाबदलीचे ताबे असतील, म्हणजे तुमचं रान दुसरा कसतो आणि त्याचं तुम्ही, १२ वर्षांच्या वर, तर सलोखा योजनेत (ही मुदतीची योजना आहे, अजून चालू आहे का ते तहसीलला विचारा) १००० रुपये मुद्रांक आणि १००० रुपये नोंदणी फीमध्ये ते कायम होतं. तुम्ही लिहिलंय की ओढ्याकडचा तुकडा "आजोबांच्या वेळेपासून बदलून" घेतलेला आहे. ते वाटपाच्या आधी उरकून घ्या, नाही तर वाटपात तो तुकडा कुणाच्या वाट्याला येतो यावरनं भावकीत लागेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की नोकरी सोडून लगेच येऊ का. ते घरच्या परिस्थितीवर आहे, मी सांगू शकत नाही. कागदाची बाजू मात्र सांगतो, पत्र, सलोखा, वाटप, नाव लागणं, या सगळ्याला चांगले सात-आठ महिने जातात आणि त्यासाठी पुण्यातनं शनिवारी येऊन भागतं, फक्त तहसीलच्या तारखेला रजा काढावी लागेल. तोवर एखाद्या बाहेरगावच्या मालकाचं एकरभर रान वाट्यानं घेऊन वडिलांच्या देखरेखीखाली हळद लावून बघता येईल, अक्षय तृतीयेच्या आसपास लागण होते, म्हणजे मालकाशी बोलणी शिमग्याच्या आत झालेली बरी.

जतच्या त्या गटाचा सातबारा आणि वर्ग २ झाल्याचा मूळ फेरफार, दोन्हींवरची नावं झाकून इथं टाका. फेरफार जुना असेल, हातानं लिहिलेला, तलाठी किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधनं नक्कल मिळते. त्यावरनं ती कुठल्या प्रकारची वर्ग २ आहे ते कळेल. कुळकायद्याची निघाली आणि मालक नजराणा भरून सरळ खरेदीखत करायला तयार झाला, तर माझं पहिलं "नाही" मी बदलीन, पण भावही मग निम्मा राहणार नाही, ती तयारी ठेवा.